बांध मामांचा, वर्ग खालच्या वस्तीचा

मामांचा फोन कधी "कसा हायस"ने सुरू होत नाही. थेट मुद्दा.

"आरं, आपला बांध कितव्या वर्गात बसतो रं?"

"कुठला बांध मामा?"

"आपलाच की, वड्यावरचा. खाली ते पोरगं पोल्ट्रीचं शेड घालतंय. म्हनलं, काका तुमचा बांध सेफ हाय का. मी म्हनलं हाय. तर म्हनतंय, कितव्या वर्गातला? आता बांधाला काय पयली-दुसरी असती व्हय?"

असते. फक्त तो वर्ग ठरतो बांधाच्या खाली कोण राहतं त्यावरून. फोनवर हे पटवता येईना, म्हणून रविवारी खटाव तालुक्यात मामांकडे गेलो. आधी बांधावरून आणि मग ओढ्यातून खाली असे दोघं मिळून दीडेक किलोमीटर चाललो. वाटेत त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात असे घरचे मातीचे बांध आहेत आणि मामांचा प्रश्न त्या प्रत्येकाच्या मालकाला कधी ना कधी पडणार आहे.

आधी बांध कसा आहे ते सांगतो. आजोबांनी १९७२च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. बांध कसा घालतात ते तिथंच बघितलं. १९८७ला स्वतःच्या रानात, दोन टेकाडांमधल्या चिंचोळ्या जागी ओढ्याला आडवा बांध घातला. ओढ्याच्या तळापासून माथा ७ मीटर, म्हणजे २३ फूट. लांबी १४० मीटर. पोटात काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उतारावर दगडाचं पिचिंग, उजव्या टोकाला जास्तीचं पाणी बाहेर जायला मुरमात खोदलेला सांडवा. काळी माती पाणी अडवते पण ओली झाली की सरकते. मुरूम पाणी सोडतो पण जागचा हलत नाही. म्हणून काळी आत आणि मुरूम बाहेर. कुठल्याही मातीच्या धरणाची रचना मुळात एवढीच, मग ते मामांचं असो नाहीतर चांदोलीचं.

पाणी किती साठतं? अशा द्रोणासारख्या तळ्याचा ढोबळ आडाखा सोपा आहे: पाण्याचा पसारा गुणिले सगळ्यात जास्त खोली, भागिले तीन. पसारा ५ एकर, म्हणजे २०,००० चौरस मीटर. खोली ६ मीटर. उत्तर येतं ४०,००० घनमीटर. लिटरमध्ये ४ कोटी. आमच्याकडे पाणी टँकरमध्ये मोजल्याशिवाय कुणाला कळत नाही, तर १०,००० लिटरचे ४,००० टँकर. मामा थबकले. "च्यार हजार? एवढं हाय व्हय?" ३५ वर्षं त्या पाण्यावर ज्वारी, कांदा आणि अलीकडे आलं घेतलेल्या माणसाने हा आकडा पहिल्यांदाच ऐकला होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. देशात धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला लागू झाला. तो सगळ्या धरणांना लागत नाही. १५ मीटरपेक्षा उंच असेल तर लागतोच. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर आणखी काही अटी आहेत: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा सेकंदाला २,००० घनमीटर तरी पूर सोडायची सोय, किंवा पायाच अवघड, किंवा रचनाच वेगळी. यातली एक जरी जुळली तरी ते धरण कायद्याच्या कक्षेत येतं. मग मालकाने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, आणीबाणीचा आराखडा करायचा, राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेच्या देखरेखीखाली राहायचं. आपल्या राज्यात ही संघटना नाशिकला आहे. देशात अशी मोठी धरणं ५ हजारांहून जास्त, त्यातली २ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात.

मामांचा बांध यात कुठे बसतो? कुठेच नाही. उंची दहाच्या आत, साठा अटीच्या पंचविसाव्या हिश्शाइतका. सांडव्यातून किती पूर जावा हे ठरवण्यासाठी १९८५चं एक भारतीय मानक आहे, क्रमांक ११२२३. त्यात धरणांचे लहान, मध्यम, मोठे असे गट पाडलेत. त्यातला 'लहान' गटसुद्धा ५ लाख घनमीटर साठ्यापासून आणि साडेसात मीटर पाण्याच्या उंचीपासून सुरू होतो. म्हणजे आमचा बांध लहान म्हणवून घ्यायच्याही लायकीचा नाही. मामांना हे ऐकून हलकं वाटलं. "म्हंजी आपल्याला काय लागू न्हाई."

कायद्याची तपासणी लागू नाही. पाण्याला मात्र कायद्यातला आकडा माहीत नसतो.

गोंधळ होतो तो इथेच. धरणाच्या बाबतीत 'वर्ग' हा शब्द निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली गोष्ट आकार, ती वर आलीच. दुसरी प्रकृती: बांध धड आहे का, गळतोय का, खचलाय का. तिसरी धोका. धोका म्हणजे बांध फुटण्याची शक्यता, असं सगळे समजतात. पण वर्गवारीत धोका म्हणजे फुटलाच तर खाली काय होईल ते. माळ्यावर वरवंटा ठेवलाय असं समजा. फळी मजबूत आहे का, हा प्रकृतीचा प्रश्न. खाली पाळणा टांगलाय का, हा धोक्याचा. फळी सागवानी असली तरी पाळणा खालीच असतो.

या दोन वर्गवाऱ्या एकमेकींत मिसळल्या की भलतंच होतं. आपल्याकडे तपासणीनंतर धरणांना जी श्रेणी देतात, त्यात श्रेणी १ म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे. धरण फुटायला कारण ठरतील असे गंभीर दोष सापडले की श्रेणी १ लागते. श्रेणी २ म्हणजे लवकर दुरुस्ती हवी असे मोठे दोष. श्रेणी ३ म्हणजे किरकोळ किंवा काहीच नाही. पेपरात 'श्रेणी १मधील धरण' असं वाचून अभिमान वाटलेली माणसं मी पाहिलीत.

धोक्याची वर्गवारी मात्र प्रकृतीकडे बघतच नाही. अमेरिकेत तिच्या तीन पायऱ्या आहेत: कमी, लक्षणीय आणि उच्च. बांध फुटून फक्त मालकाचं रान वाहून जाणार असेल तर कमी. माणूस मरणार नाही पण रस्ता, वीज, दुसऱ्याची मालमत्ता जाईल, तर लक्षणीय. एक जरी जीव जाण्याचा संभव असला तरी उच्च. तिथल्या राष्ट्रीय यादीत ९० हजारांहून जास्त धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक खाजगी मालकीची: शेतकऱ्यांची, घरमालकांच्या संघांची, संस्थांची. म्हणून घरच्या बांधाची वर्गवारी हा तिकडे अगदी रोजच्या कामकाजातला विषय आहे. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चार पायऱ्या आहेत आणि जीव, मालमत्ता, महत्त्वाच्या सोयी, पर्यावरण अशा सगळ्याचा हिशेब धरलाय. सूचना मोठ्या धरणांसाठी असल्या तरी विचार २३ फुटांच्या बांधालाही लागू पडतो. त्याला नाशिकहून कुणी यायची गरज नाही, पायात चप्पल असली की पुरे.

म्हणून आम्ही ओढ्यात उतरलो.

"पन आपला बांध फुटनार न्हाई," मामांनी आधीच बजावलं. म्हटलं, राहू द्या. वर्गवारी करताना फुटला असंच धरायचं असतं, नाहीतर हिशेब सुरूच होत नाही. आणि हिशेब दोनदा करायचा. एकदा कोरड्या दिवशी, तळं भरलेलं, ऊन पडलेलं, कुणाच्या ध्यानीमनी नाही. दुसऱ्यांदा ढगफुटीच्या रात्री, ओढा आधीच भरून वाहतोय. पुराच्या रात्री लोक निदान जागे असतात. कोरड्या दिवशी ओढ्यात बाया धुणं धूत असतात.

जगभरातल्या फुटलेल्या मातीच्या धरणांच्या नोंदींवरून बसवलेलं एक सूत्र आहे. साठा आणि उंची घातली की ते भगदाडातून एका क्षणी जास्तीत जास्त किती पाणी सुटेल याचा अंदाज देतं. आमच्या बांधाला उत्तर आलं सेकंदाला सव्वाशे घनमीटर, म्हणजे साधारण साडेचार हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट). पावसाळ्यात 'कण्हेरमधून इतका विसर्ग', 'धोममधून तितका विसर्ग' अशा बातम्या आपण वाचतो, त्याच जातीचा हा आकडा. फरक एवढाच की धरणाचा विसर्ग नदीत जातो, भोंगा वाजवून जातो आणि तासन् तास चालतो. हा सुटणार एका ओढ्यात, न सांगता, आणि पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. ओढ्याचं पात्र वीस मीटर रुंद धरलं आणि पाणी सेकंदाला तीन मीटर धावलं, तर दोन मीटर उंचीचा लोंढा होतो. सूत्र ढोबळ आहे, आकडा निम्मा होईल किंवा दीडपट. पण गुडघाभर धावतं पाणी माणसाला पाडतं आणि दोन फूट पाणी मोटार उचलतं. निम्म्याने काही फरक पडत नाही.

खाली निघालो. पहिले ४०० मीटर मामांचंच रान. १९८७ला पुढेही रानच होतं आणि त्यानंतर गायरान. त्या वेळी वर्ग काढला असता तर निर्विवाद 'कमी'. आता ७०० मीटरवर ओढ्याच्या काठालाच चार घरं आहेत. भावकी वाढली, वाटण्या झाल्या, गावात जागा नाही म्हणून लोक रानात राहायला आले. त्यातल्या एका घराचं न्हाणीघर तर ओढ्याच्या दरडीवर आहे. पुढे ते पोल्ट्रीचं शेड, पाया भरून झालेला. त्याच्याही पुढे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचा फरशी पूल, त्यावरून सकाळ-संध्याकाळ शाळेची गाडी जाते. बांधापासून पहिल्या घरापर्यंत पाणी यायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

फरशी पुलावर बसून मामांनी तंबाखू मळली. म्हटलं, मामा, बांध उच्च धोक्याच्या वर्गात गेला.

"कधी गेला? मी तर मातीची एक पाटी हलवली न्हाई."

तेच तर. बांध होता तिथंच होता, लोक खाली आले. यात मामांची चूक नाही, घरं बांधणाऱ्यांचीही नाही. त्यांना तिथे जागा होती आणि वरचा बांध त्यांच्या जन्माआधीपासूनचा, डोंगरासारखा गृहीत धरलेला. पण वर्ग बदलल्यावर मालकाची कामं बदलतात, आणि तो बदलल्याची चिठ्ठी मालकाला कुणी पाठवत नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स इथे केली बार्न्स नावाचं धरण होतं. मातीचं, जेमतेम ४० फुटांचं, एका महाविद्यालयाच्या मालकीचं. वीज करायला बांधलेलं, नंतर नुसतं तळं म्हणून राहिलेलं. खाली महाविद्यालयाचीच वस्ती. ६ नोव्हेंबर १९७७च्या रात्री दीडच्या सुमाराला ते फुटलं आणि ३९ माणसं गेली. त्यानंतर तिथे केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या धरणांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियाने स्वतःचा धरण सुरक्षा कायदा केला. आपल्याला तितकं लांब जायची गरज नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेही मातीचं. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसच्या वर माणसं गेली. तिवऱ्यानंतर खेकड्यांनी बांध पोखरल्याचं एका मंत्र्यांनी सांगितलं आणि राज्यभर हसं झालं. मी हसलो नाही असं नाही. पण खेकडे, उंदीर, घुशी बांधात बिळं करतात आणि त्या बिळांमुळे पाण्याला आरपार जायची वाट आखूड होते, हे पाठ्यपुस्तकातलं सत्य आहे. हसण्यासारखं होतं ते दोष खेकड्यावर ढकलणं. बीळ एका रात्रीत होत नाही. बांधावरून महिन्याला एकदा चालणारा माणूस असला तर त्याला ते दिसतं.

परत वर आलो आणि आता प्रकृती बघायला लागलो. मातीची धरणं फुटतात त्यातली ढोबळ मानाने निम्मी माथ्यावरून पाणी गेल्याने, आणि जवळजवळ तितकीच आतून पाणी माती नेत गेल्याने. उतार घसरून वगैरे फुटणारी थोडी. म्हणून बघायच्या जागा दोनच: सांडवा आणि मागचा पायथा.

सांडव्यावर गेलो तर ओळीने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, मुरूम भरून रचलेल्या. दीड फूट उंच.

"ह्या कशाला?"

"त्येवढंच दीड फूट पानी जास्त ऱ्हातंय. उन्हाळ्यात आल्याला दोन पाण्या जास्त मिळत्यात."

हा हिशेब मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सांडव्याच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत ३ फूट उंची आहे. ही उंची वाया गेलेली नसते, पुरासाठी राखून ठेवलेली असते. सांडवा ३० फूट रुंद. पूर्ण ३ फूट पाणी वाहिलं तर त्यातून ४८० क्युसेकच्या आसपास जातं. मामांच्या बांधाला पाणलोट ३०० एकरांचा. तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस झोडपला आणि त्यातलं निम्मं वाहून आलं तर येतात साधारण ३५० क्युसेक. म्हणजे आजोबांनी सांडवा व्यवस्थित काढला होता, थोडा हात राखूनच. आता गोण्या ठेवल्यावर उरले दीड फूट. उंची निम्मी झाली म्हणजे पाणीही निम्मं जाईल असं वाटतं ना? तसं होत नाही. उंची कमी झाली की पाण्याचं आकारमान कमी होतं आणि वेगही कमी होतो. निम्म्या उंचीला उरतं ३५ टक्के, म्हणजे १७० क्युसेक. येणारं ३५०, जाणारं १७०. उरलेलं माथ्यावरून जाणार. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की मागचा उतार धुपायला वेळ लागत नाही.

आल्याच्या दोन पाण्यांसाठी सांडव्याची ताकद एक तृतीयांशावर आणली होती. हवाई बेटांवर का लोको नावाचं खाजगी धरण मार्च २००६मध्ये फुटलं आणि ७ माणसं गेली, तिथेही सांडवा भरावाखाली बुजवलेला निघाला. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, रिकामी उंची दिसली की हात शिवशिवतात. गोण्या मी आणि मामेभावाने त्याच दुपारी काढल्या. मामा काही बोलले नाहीत, पण हातही लावला नाही.

माथ्यावर वेडी बाभळ माजली होती. तिच्याबद्दल एवढंच की लहान असताना काढावी. मोठं झाड तोडून बुंधा तसाच ठेवला तर मुळं आत कुजतात आणि जिथे मूळ होतं तिथे नळी राहते. वीतभर बुंध्याची झाडं असतील तर जाणकाराला विचारून, पाणी खाली असताना मुळांसकट काढायची आणि खड्डा थराथराने कुटून भरायचा.

त्यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त सलल्या. एक म्हणजे चार वर्षांपूर्वी जेसीबीने बांधात आडवी चर काढून टाकलेली पीव्हीसी पाइप. चर नंतर त्याच मातीने ढकलून बुजवलेली. आजोबांनी वीतवीतभर थर टाकून, पाणी मारून, बैलांनी तुडवून घेतलेला गाभा, आणि त्यातून एका तासात काढलेली ही फट. पाणी पाइपमधून जातं तसं पाइपच्या बाहेरूनही जातं, कारण प्लास्टिकला माती चिकटत नाही. पाणी न्यायचंच तर माथ्यावरून वक्रनळीने, म्हणजे सायफनने न्यावं, बांध कापून नको.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची खास. हे बांध दुष्काळी पट्ट्यासाठी होते. पाच-सहा वर्षांतून एकदा भरायचे, जानेवारीत तळ दिसायचा. आता उपसा सिंचन योजना आल्या: नेर तलावात जिहे-कठापूरमधून कृष्णेचं पाणी येतं, आटपाडी-खानापूरकडे टेंभूचं, जतकडे म्हैसाळचं. ओढ्या-नाल्यांना सोडलेल्या पाण्याने छोटी तळीही भर उन्हाळ्यात भरतात. चांगलंच आहे, त्यासाठी या भागातल्या लोकांनी पिढ्या घालवल्यात. पण काळी माती वाळली की तडकते. जूनच्या आधी रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच बांधाच्या माथ्यावरही पडतात. पावसाने तळं भरताना हळूहळू भरतं, माती फुगते, भेगा मिटतात. योजनेचं पाणी आलं तर आठ दिवसांत भरतं आणि भेगा मिटायच्या आधी पाणी त्यात घुसतं. जो बांध ३५ वर्षांत क्वचितच पूर्ण भरला, त्याचा अनुभव ३५ वर्षांचा धरता येत नाही. मातीचे बांध पहिल्यांदा भरताना जास्त फुटतात. अशा बांधाला नव्याच्या रांगेत उभं करून पाणी टप्प्याटप्प्याने चढवावं: दोन फूट चढवलं, थांबलं, मागून बघितलं, पुढचे दोन फूट. गाळाचंही तसंच. 'गाळमुक्त धरण' या सरकारी योजनेच्या उत्साहात पाण्याकडच्या पायथ्याला लागून गाळ उपसला तर बांधाखालून जाणारं पाणी अडवणारी चादरच उचलल्यासारखं होतं. पायथा सोडून लांब उपसावा.

मागच्या पायथ्याला, पाइपपासून डावीकडे दहा पावलांवर, लव्हाळा हिरवागार होता. मे महिन्यात. तिथे पाय ठेवला तर चप्पल रुतली. बोटभर पाणी वाहत होतं.

मातीचा बांध थोडा पाझरतोच. न पाझरणारा मातीचा बांध म्हणजे कोरडा बांध. प्रश्न असतो पाणी गढूळ येतंय का आणि वाढतंय का. गढूळ म्हणजे पाणी एकटं येत नाहीये, पोटातली माती घेऊन येतंय. मी पेल्यात धरून उन्हात बघितलं, निवळ होतं. पेला तासभर ठेवला, तळाशी साका बसला नाही. मामांनी लगेच उपाय सांगितला: "काळी माती टाकून दाबून टाकू, बंद हुईल." हा सगळ्यांच्या मनात येणारा आणि नेमका उलटा उपाय. मागून तोंड बंद केलं तर पाणी आत कोंडतं, उतार फुगतो आणि दुसरीकडून जास्त जोराने निघतं. पाण्याला जाऊ द्यायचं आणि माती धरून ठेवायची. त्यासाठी आधी धुतलेली वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि वर दगड. चहाच्या गाळणीसारखं काम: बारीक आत आणि जाड बाहेर. अडवायचंच असेल तर पाण्याच्या बाजूने अडवावं. पाणी गढूळ यायला लागलं तर मात्र वाळू-खडी टाकत बसायचं नाही. आधी खालच्या चार घरांना फोन, मग तहसीलला, आणि वक्रनळ्या लावून तळं उतरवायला सुरुवात.

मामांना कायद्याची एक भीती होतीच. फुटला तर गुन्हा माझ्यावर का? मी वकील नाही, पण या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडात एका गिरणीवाल्याच्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवलं की घातक वस्तू जमिनीवर साठवली आणि ती निसटली तर मालकाची चूक असो-नसो, भरपाई त्यानेच द्यायची. सहा वर्षांनी, १८७४ला, कारवेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव पुरात फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतासाठी तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हा नियम लावला नाही. भारतात तलाव ही जगण्याची गरज आहे, तलाव राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच होतं, तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं म्हटलं. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. पण त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द आहे, आणि सांडव्यावरच्या गोण्या बघून कुणी काय म्हणेल हे मामांना मी वेगळं सांगितलं नाही. आणखी एक गंमत: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ओढे-नाले आणि त्यातलं वाहतं पाणी सरकारचं. म्हणजे पाणी सरकारचं, बांध मामांचा, आणि लोंढा ज्याच्या दारात येईल त्याचा.

मामांना शेवटी पटलं ते बादलीने. पाझराच्या जागेखाली छोटी चर काढून पाइपचा तुकडा बसवला आणि दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. सोबत तळ्यातल्या पाण्याची पातळीही लिहायची, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. तळं चढलं की पाझर वाढणारच, तळं तेवढंच असून बादली लवकर भरायला लागली तर काळजी. सांडव्याजवळ फुटाफुटाच्या खुणा केलेला खांब रोवला. पोल्ट्रीवाल्या पोराने शेडची जागा साठ फूट वर सरकवली आणि मामांचा नंबर भिंतीवर खडूने लिहिला, मामांनी त्याचा.

आता दर सोमवारी मामा कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात आणि फोटो पाठवतात. अक्षर वाचायला मला चष्मा लागतो. परवाची नोंद: "पानी सांडव्याला २ फूट कमी. बादली ५२. मागल्या सोमवारी ५० व्हती, खांबावर पानी तेवढंच. निवळ. घुशीचं एक बीळ, पाइपच्या वरल्या अंगाला."

रविवारी पुन्हा जातोय.